मागच्या काचेची कैफियत

श्रावणातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी, दारव्हा मार्गाने लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीवरून यवतमाळात शिरणाऱ्या आणि एम. एच. २९ चा क्रमांक धारण करणाऱ्या जुन्या मोटारींकडे मागून पाहिले, तर पुष्कळींच्या मागच्या काचेवर बाष्पाचा दाट पडदा पसरलेला आढळतो. आणि नवल असे की, तोच पडदा दूर सारण्यासाठी निर्मात्याने आखून दिलेल्या बारीक आडव्या रेषाही त्याच काचेवर निमूटपणे विराजमान असतात. हॉर्न बिघडताच त्याच दिवशी गॅरेज गाठणारा गृहस्थ या डिफॉगरच्या बाबतीत मात्र संन्याशासारखा विरक्त असतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आतील माणसांच्या श्वासाने आणि ओल्या कपड्यांनी दमट झालेली हवा गार काचेला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. काचेवर छापून भट्टीत पक्क्या केलेल्या चांदीयुक्त रेषांतून बारा व्होल्टचा प्रवाह सोडला म्हणजे काच तापते व ते पाणी उडून जाते. या रेषा समांतर जोडलेल्या असल्यामुळे एक तुटली तर तेवढाच पट्टा धूसर राहतो. पण सबंध काचच निर्विकार राहिली, तर दोष बहुधा रेषांत नसून फ्यूज, रिले, बटण, अर्थिंग, काचेच्या कडेच्या जाड पट्टीवरून निखळलेली पिन किंवा डिक्कीच्या बिजागरीपाशी उघडझाप सोसून तुटलेली वायर यांपैकी कशात तरी असतो.

रेषा तुटण्यास आपणच कारण झालो, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या काचांवर काळ्या फिल्म चिकटवण्यास मनाई केली. हुकूम रास्तच होता. परंतु दंडाच्या धास्तीने ब्लेड हाती घेऊन मागची काच खरवडणाऱ्यांनी फिल्मबरोबर रेषांचेही टवके काढले, आणि उन्हाळ्यात घडलेला हा अनर्थ उघडकीस आला तो पावसाळ्यात.

यावर ‘काचच बदला’ हा सल्ला देणे मला उधळपट्टीचे वाटते. बटण चालू ठेवून, मल्टिमीटरची एक तार मोटारीच्या सांगाड्याला लावावी आणि दुसऱ्या तारेचे टोक, ओरखडा पडू नये म्हणून पातळ अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, रेषेवरून हलके सरकवावे. धडधाकट रेषेवर व्होल्टचा आकडा बारापासून शून्याकडे क्रमाक्रमाने उतरतो, तुटलेल्या रेषेवर तो बाराच्या आसपास टिकून एकाएकी शून्य होतो, आणि तेच दोषाचे स्थान. मग बटण बंद करून तेथे स्पिरिटने काच पुसावी, रेषेच्या वर-खाली चिकटपट्टी लावून नेमकी तिच्याच रुंदीची फट ठेवावी, चांदीमिश्रित विद्युतवाहक रंगाचा हात द्यावा आणि तो पुरता वाळेपर्यंत बटणाला हात लावू नये. निखळलेली पिन मात्र रंगाने धरत नाही. तिला सोल्डरच हवे, आणि तेही बेताच्या उष्णतेने, कारण अतिरिक्त आचेने काच तडकते.

पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी मोटारीची फेरनोंदणी करताना परिवहन खात्याकडून तिची तपासणी होते. स्वस्तातल्या मॉडेलांत डिफॉगर मुळातच नसतो, तेव्हा या तपासणीत त्याची सक्ती करावी असे मी म्हणत नाही. परंतु जो बसवलेला आहे, तो चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. कापसाच्या हंगामात, धुक्याच्या पहाटे, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढणाऱ्यास मागून येणारा ट्रक दिसणे ही चैन नव्हे.

म्हणून वाचकांना विनंती की, येत्या मृगापूर्वी हे बटण एकदा दाबून पाहावे, काच नेहमी रेषांच्या दिशेनेच मऊ फडक्याने पुसावी, आणि मेस्त्रीने नव्या काचेचे अंदाजपत्रक पुढे केल्यास आधी मल्टिमीटर मागावा.