मॅनेजर कुणाला म्हणावं?

मंडळी, 'मॅनेजर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो ऑफिसातला, रजेच्या अर्जावर सही करताना कपाळाला आठ्या घालणारा. फुटबॉलमधला मॅनेजर निराळा. तो मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करतो, नव्वद मिनिटांत चेंडूला एकदाही पाय लावत नाही, आणि संघ हरला की पहिली नोकरी त्याचीच जाते! यांच्यातला थोर कोण, यावर आमच्या बैठकीत वाद निघाला की लगेच फर्ग्युसन, मोरिन्हो सुरू होतात. आम्ही म्हणतो, इतकं लांब कशाला जायचं? आपण राहतो त्या ओमानचंच बघा की.

१७ जानेवारी २००९. बौशरच्या सुलतान काबूस क्रीडा संकुलात गल्फ कपचा अंतिम सामना, समोर सौदी अरेबिया. १२० मिनिटांत गोल नाही, आणि मग पेनल्टींवर ओमान ६-५ असा जिंकला. पहिलाच गल्फ कप! त्या रात्री मस्कतमध्ये असलेल्यांच्या कानात गाड्यांचे हॉर्न अजून घुमत असतील. प्रशिक्षक होते फ्रान्सचे क्लॉद लरुआ. त्या स्पर्धेतल्या पाच सामन्यांत ओमानने एकही गोल खाल्ला नव्हता. साहजिकच सगळं श्रेय त्यांना मिळालं.

पण लरुआ आले २००८ मध्ये. संघ त्याआधीच उभा होता, आणि तो उभा करण्यात मोठा हात होता चेक प्रशिक्षक मिलान माचाला यांचा. २००२ च्या विश्वचषकात चौथ्या आलेल्या दक्षिण कोरियाला पुढच्याच वर्षी ओमानने मस्कतमध्ये ३-१ असं हरवलं, २००४ मध्ये पहिल्यांदा आशियाई करंडक गाठला, ते माचालांच्या हाताखाली. गल्फ कपचे दोन अंतिम सामनेही त्यांनी गाठून दिले. २००४ चा दोहामध्ये पेनल्टींवर गेला, २००७ चा अबू धाबीत एका गोलाने. करंडक हाती न घेताच गृहस्थ गेले. आमचं मत विचाराल तर माचालांना. "करंडक तो करंडक," असं म्हणणारेही आमच्यात आहेत, आणि ते आवाजाने मोठे आहेत.

एक लक्षात घ्या, क्लबचा मॅनेजर खेळाडू विकत आणू शकतो. देशाच्या प्रशिक्षकाला ती सोय नाही. शुक्रवारी अचानक चार पाहुणे उगवले की फ्रिजमध्ये असेल त्यातच पंगत उठवायची, तसला प्रकार. अली अल-हबसीसारखा गोलकीपर मूळचा विमानतळावरच्या अग्निशमन दलातला. त्याला हेरलं जॉन बरिज या इंग्रज गोलकीपर-प्रशिक्षकाने, आणि पुढे तो इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळला. अशी नजर असलेला माणूस हाताशी लागतो.

आणि ही सगळी मंडळी आपल्यासारखीच, करारावर आलेली! भाषा परकी, ऊन परकं, मुलं दुसऱ्याची. करार संपायच्या आत ती आपलीशी करायची. हॉलंडच्या पिम व्हर्बीक यांनी ते केलं. जानेवारी २०१८ मध्ये कुवेतला दुसरा गल्फ कप, वर्षभराने आशियाई करंडकाची पहिली बाद फेरी. त्यानंतर लगेच ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारले.

आता आपल्या घरात फूट पाडणारी गोष्ट. ८ सप्टेंबर २०२५, ताजिकिस्तानातलं हिसोर, तिसऱ्या क्रमांकासाठी भारत विरुद्ध ओमान. इथे जन्मलेली आमची मुलं लाल शर्टात, आम्ही निळ्या बाजूला. ओमानच्या बाकावर कार्लोस केरोझ, खुद्द फर्ग्युसनचे एकेकाळचे सहाय्यक. आपल्या बाकावर खालिद जमील. जन्म कुवेतचा, खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून घडले मुंबईत, २०१७ मध्ये मिझोरमच्या छोट्या ऐजॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली. नेमणूक होऊन जेमतेम महिना झालेला, त्यात मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेले नाहीत. ओमानने गोल केला, उदांताने फेडला, आणि पेनल्टींवर गुरप्रीतने शेवटची अडवून सामना भारताला मिळवून दिला. आमच्या दिवाणखान्यात निम्मे नाचले, निम्मे रुसले. त्या रात्री जमील म्हणजे साक्षात सय्यद अब्दुल रहीम, १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णं मिळवून देणारे!

१४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असं हरवलं. २०२७ च्या आशियाई करंडकाची वाट बंद झाली. मधे गेले होते पाच आठवडे. ज्यांनी जमीलना रहीमसाहेबांच्या शेजारी बसवलं होतं, तेच आता "याला काढा" म्हणत होते. आम्ही विचारलं, माचालांना मस्कतने दोन अंतिम सामने हरू दिले ना? तर आमचा धाकटा म्हणतो, "पण बाबा, फायनलला तरी नेलं होतं!"

यावर आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही. चहा आला, विषय तिथेच राहिला.