पाय आमचे, चाल कुणाची?



"तुमचं बरं आहे. तुमचा व्यायाम कामातच होऊन जातो."

हे वाक्य मी वसईत इतक्या तोंडून ऐकलंय की आता तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या पायात पांढरे बूट. ऐकणाऱ्याच्या हातात झाडू, नाहीतर डोक्यावर विटांची पाटी, नाहीतर चार घरची धुणीभांडी. मी गिरीजचा. आमच्याकडून भुईगावच्या किनाऱ्याकडे पहाटे गाड्या जातात. माणसं गाडीतून येतात, गाडी लावतात, सुरूच्या झाडांत चालतात, परत गाडीत बसून जातात. चालायला यायला गाडी लागते, यावर मी हसणार नाही. त्यांना त्यांची प्रकृती प्रिय आहे, असू दे. माझं भांडण त्या वाक्याशी आहे. आणि दुसरं भांडण तुमच्याशी आहे, कारण तुम्हीही तेच वाक्य छाती पुढे काढून म्हणता. "आपल्याला कशाला पाहिजे फिरणंबिरणं? ते पोट सुटलेल्या शेटजी-भटजींचं काम. आपण कष्टकरी."

दोस्तांनो, हे वाक्य खोटं आहे.

१९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरानं लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास छापला. एकच बस, एकच खातं, एकाच थरातली माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दुमजली बसचे जिने चढतउतरत असलेला. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त, कंडक्टरांत कमी. तिथून जगाला कळलं की पाय हलवणाऱ्याचं काळीज टिकतं. हे ऐकून आमचा कष्टकरी खूष होईल, "बघा, मी म्हणत नव्हतो?" थांबा. पुढचं ऐका. २०२१ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी कोपनहेगनच्या एक लाख चार हजार माणसांची पाहणी छापली. फावल्या वेळात हालचाल करणारे कमी आजारी, कमी मेले. पण कामावर अंग जितकं जास्त झिजवलं, तितका धोका वाढलेला. एकच शरीर, एकच हालचाल, आणि निकाल उलटा! कारण असं सांगतात की कामावर माणूस आपल्या मर्जीनं थांबत नाही. ओझं उचलतो, वाकतो, तासनतास उभा राहतो, नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेला, आणि उतरायला विश्रांती नाही. फिरायला गेलेला माणूस अर्धा तास चालतो, दमला की बसतो, घरी जाऊन नीट जेवतो.

म्हणजे पांढऱ्या बुटांचं वाक्य विज्ञानानंच खोडून काढलंय. झाडू मारणाऱ्या बाईचा व्यायाम होत नाही. तिची झीज होते. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेनं २०१८ च्या अहवालात छापलं की भारतातली दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. कामानं व्यायाम होत असता तर ही बाई शंभरी गाठून बसली असती.

आमच्या पायांचा इतिहास काढा, मग कळेल चालणं आणि चालवलं जाणं यात काय फरक असतो. महाराच्या पायांवर गावानं शेकडो वर्षं राज्य केलं. सरकारी टपाल घेऊन पळ. मयताचा सांगावा घेऊन दहा गावं हिंड. साहेबाच्या घोड्यापुढं धाव. दिवस बघायचा नाही, रात्र बघायची नाही, तहान लागली तर विहीर आपली नाही. ब्रिटिशांनी १८७४ च्या वतन कायद्यानं या वेठीला कागदावर बसवलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं. ही वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आणि पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आमच्या कमरेला झाडू बांधलेला होता, आपल्याच पावलांचे ठसे पुसायला. ज्याची पावलं पुसली गेली, त्याला आज सांगतात, "तुमचं बरं आहे, तुम्ही खूप चालता."

मग आम्ही दुसरं चालणं शिकलो. २० मार्च १९२७ ला महाडला परिषदेच्या मांडवातून चवदार तळ्यापर्यंत जे चाललो, ते कुणाचा सांगावा घेऊन नाही. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारापर्यंत चाललो. केरळात वायकोमला १९२४-२५ साली भांडण देवळात जाण्याचंसुद्धा नव्हतं, देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यावरून नुसतं चालण्याचं होतं! १९७९ साली नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेनं लाँगमार्च निघाला. ही आमची चाल. हिच्यावर आम्ही गाणी म्हणतो, भाषणं करतो.

पण मोर्चा वर्षातून किती दिवस? बाकीच्या दिवशी आमचा कार्यकर्ता काय करतो, ते मी सांगतो. नाक्यावरच्या टपरीवर उभा असतो. दिवसाला दहा कटिंग, साखर जास्त. तोंडात गुटखा. वडापाववर दुपार काढलेली. रात्री दोनपर्यंत मीटिंग, मीटिंगनंतर 'बसणं'. गिरीजहून वसई स्टेशन गाठायला मोटारसायकल. चाळिशीत साखर, बेचाळिशीत बीपी. आमच्या बरोबरीचा एक जण, शिबिरं घेणारा, पोरांना घटना शिकवणारा, पंचेचाळीसच्या आत गेला. श्रद्धांजलीच्या सभेत सगळे म्हणाले, "चळवळीसाठी झिजला." मला त्या शब्दाची चीड आली. चळवळीसाठी झिजला की बिनतपासलेल्या साखरेनं मेला? त्याच्या बायकोनं कुणाला विचारायचं?

देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या पाहणीनं २०२३ साली सांगितलं. हा आता शेटजींचा रोग राहिला नाही. तो आपल्या वस्तीत पाट टाकून बसलाय. मधुमेह आपल्या बापालाही सोडून गेला नाही. बाबासाहेबांची शेवटची वर्षं बघा. साखर, पायांचं दुखणं, आधाराशिवाय चालणं कठीण. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्म दिला, दोन महिनेही झाले नाहीत तर ६ डिसेंबरला गेले. वय ६५. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापून आला १९५७ साली, त्यांच्या हाती पडला नाही. त्यांनी शरीर जाळलं, कारण त्यांच्याजवळ वेळ नव्हता आणि कोट्यवधींचं काम एका डोक्यावर होतं. तुमच्या डोक्यावर काय आहे रे? त्यांच्या आजाराची नक्कल करून कुणी त्यांचा वारस होत नाही.

"हे सगळं ब्राह्मणी योगाचं खूळ," असं एक जण मला म्हणाला. भाऊ, त्रिपिटक उघड. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचं सुत्त आहे. चंक्रमण म्हणजे येरझारा, पावलं टाकत चालणं. बुद्धानं त्याचे पाच फायदे मोजून सांगितले. लांबचा प्रवास झेपतो. प्रयत्नाची ताकद येते. आजार कमी होतात. खाल्लेलं पचतं. मनाची एकाग्रता टिकते. पाचातले निदान तीन तर सरळ शरीराचे आहेत. आत्म्याचं नाव नाही, स्वर्गाचं नाव नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हा माणूस पचनाबद्दल बोलतो, आणि आमचा बौद्ध कार्यकर्ता म्हणतो, चालणं सवर्णांचं!

आणि आपण गिरीजकरांनी तर हे बोलूच नये. शेजारच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप उकरला. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला निघत, शिकार करत. मी बोधीच्या जागी गेलो, तेव्हापासून माझी धम्मयात्रा सुरू झाली, वृद्धांना भेटायची, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायची. म्हणजे हाही लेख हिंडण्याबद्दलच आहे, कशासाठी हिंडायचं याबद्दल. आणि दुसरा एक तुकडा कुठं सापडला? आपल्या भुईगावात. साल १९५६! ज्या साली नागपुरात धम्म परत आला, त्याच साली आपल्या शिवारात अशोकाची अक्षरं वर आली. त्या वाटेनं आपण मोटारसायकल उडवत जातो.

आता कुणी म्हणेल, तू व्यवस्थेचा प्रश्न माणसाच्या गळ्यात मारतोस. नाही मारत. पहाटे अर्धा तास चालायला अर्धा तास हातात लागतो, आणि तो अर्धा तास हाच राजकारणाचा प्रश्न आहे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातले तास आठवड्याला ४८ वर आणायचं बिल मांडलं, १९४६ साली त्याचा कायदा झाला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. बारा तास काम, वर विरार लोकलचे तीन तास. उरलं काय? तिथं कुणी आरोग्याचं व्याख्यान देत असेल तर त्याला उठून विचारा, आमचे तास कुणी खाल्ले?

रस्ता हाही तसलाच प्रश्न. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. गावातल्या अरुंद रस्त्याला फूटपाथ मिळाला का? रात्री आठनंतर कामावरून येणाऱ्या बाईला दिवा मिळाला का? एका सोसायटीत तर मी डोळ्यांनी पाहिलं, बागेतल्या चालायच्या पट्टीवरून कामवाल्या ताईनं जायचं नाही, मागच्या गेटानं जायचं. वायकोम संपलं असं कोण म्हणतो?

तेव्हा मागणीही करायची आणि पावलंही टाकायची. एक झालं की दुसरं, असं नाही. दोन्ही एकदम.

काय करायचं ते साधं आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते की मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी. म्हणजे पाच दिवस, रोज निदान अर्धा तास. चाल अशी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दहा हजार पावलांच्या मागं लागू नका. तो आकडा १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलेला आहे. घड्याळ नको, पांढरे बूट नकोत, पायाला न चावणारी चप्पल-बूट काहीही चालेल. साखर असलेल्यानं मात्र अनवाणी जायचं नाही, जखम कळत नाही आणि पाय जातो. चालतोय म्हणून गोळी सोडायची नाही. चालताना छातीत दुखलं तर मर्दानगी दाखवायची नाही, सरळ दवाखाना. दिवसभर ओझी उचलणाऱ्यानं आधी झोप आणि विश्रांती मागायची. त्याला चालायचा उपदेश करू नका, त्याच्या तासांसाठी लढा.

आणि बायांना घेऊन चला. मी "पाठवा" म्हणत नाही. तुम्ही पहाटे फिरायला गेलात आणि ती चुलीपाशी राहिली, तर तुमचा व्यायाम तिच्या अंगावरून गेला. पाणी तुम्ही भरा, डबा तुम्ही करा, मग दोघं निघा.

माझा ठराव एवढाच आहे. दर रविवारी पहाटे गिरीजहून सोपाऱ्याच्या स्तुपापर्यंत पायी. दीड तासाची वाट आहे. वाटेत प्रत्येक वस्तीतून दोन माणसं जोडायची. कुणाची साखर तपासली, कुणाची नाही, कुठल्या खांबावर दिवा नाही, कुठं गटारावर झाकण नाही, वहीत लिहायचं. सोमवारी ती वही घेऊन प्रभाग कार्यालयात जायचं. मोर्चाची वाट बघत बसायची गरज नाही. बावन्न रविवार म्हणजे बावन्न मोर्चे, आणि शेवटच्या मोर्चाला धाप न लागलेली माणसं असतील.

ज्यांना साठ-सत्तर वर्षं लढायचंय त्यांनी या रविवारी यावं. ज्यांना चाळिशीत हार घालून फोटोत जायचंय त्यांनी टपरीवर थांबावं.

जयभीम.