खालचं दुखणं अंगावर काढू नका

कंबर धरली तर आपण लगेच फोरमनला सांगतो. लिंग दुखायला लागलं, तर खोलीतल्या जोडीदारालाही कळू देत नाही. गावी भिंतीभिंतीवर 'गुप्तरोग' वाचत मोठे झालो ना आपण! तिथलं दुखणं म्हणजे काहीतरी भानगडच, हे डोक्यात पक्कं बसलंय. मग घरून आणलेल्या डब्यातली उरलीसुरली अँटिबायोटिक गिळायची आणि शिफ्टला जायचं.

पण दुखतं तिथं, म्हणजे रोग तिथलाच, असं नसतं. मुतखडा खाली सरकत मूत्राशयाजवळ आला की कळ थेट लिंगाच्या टोकाला मारते. कोतोत जुलै-ऑगस्टमध्ये बांधकामावर किंवा गोदामात घाम गाळायचा, आणि संडास लांब म्हणून पाणीच कमी प्यायचं. खडा होणार नाही तर काय? अशाला परम्याची गोळी काय करणार!

डॉक्टर म्हणूनच आधी प्रश्न विचारतात. लघवी करताना जळजळतं की एरवीही दुखतं? पू येतो का? ताप आहे? कातडी लाल होऊन चिरा पडल्यात का? कातडीचा हा त्रास परतपरत होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. कित्येकांना मधुमेह आहे हे असंच कळतं. पू आणि जळजळ असेल तर परमा किंवा क्लॅमिडिया, आणि त्याचं निदान लघवीच्या तपासणीत होतं. तपासणीआधी तासभर तरी लघवी करू नका, पहिल्या धारेचीच लघवी लागते. परम्याचे जंतू आता जुन्या गोळ्यांना दाद देत नाहीत. नेहमीच्या शेवटच्या इंजेक्शनलाही न जुमानणारा परमा 2009 मध्ये क्योतोतच सापडला होता. डब्यातल्या गोळीने जंतू मरत नाहीत, तपासणी मात्र चुकू शकते.

आणि गरमीचा फोड बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. 2022 पासून जपानमध्ये वर्षाला दहा हजारांवर रुग्ण नोंदले जातायत. सरकारी आरोग्य केंद्रात, म्हणजे होकेंजोत, एचआयव्हीची तपासणी नाव न सांगता, फुकट होते.

काही दुखण्यांत मात्र सकाळची वाट बघायची नाही. मागे ओढलेली कातडी पुढे येत नाही आणि सूज चढतेय. ताठरपणा चार तास उतरत नाही (गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलवाल्या भावांनी हे विशेष ध्यानात ठेवावं). गोटीत अचानक असह्य कळ आली. लघवी अडली, किंवा तापासोबत थंडी वाजतेय. सरळ 119 लावा. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. गोटीला पीळ पडला असेल तर ती वाचवायला साधारण सहाच तास असतात.

एरवी 'हिन्योकिका' लिहिलेला दवाखाना शोधा. आरोग्य विमा असेल तर बिलाच्या तीस टक्केच आपल्याला भरावे लागतात. बोलता येत नसेल तर 'ओशिक्को नो तोकी, इताई देस' एवढं पुरे, म्हणजे लघवी करताना दुखतं. बाकी बोटाने दाखवा, तिथं कुणी हसत नाही.

खरी भीती असते ती कंपनीला कळेल याची. रुग्णाचं गुपित विनाकारण फोडणं हा इथल्या डॉक्टरसाठी दंडविधानाच्या कलम 134 नुसार गुन्हा आहे. म्हणून दुभाष्या म्हणून सुपरवायझरला आत घेऊ नका. फोनवरचं भाषांतर वापरा, नाहीतर विश्वासातला मित्र न्या. सहा महिने नीट हजेरी भरली असेल तर दहा दिवसांची पगारी रजा तुमच्या हक्काची आहे, आणि ती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही. 'योजी', म्हणजे काम आहे, एवढंच म्हणा.

आणि परांचीवरून पाय घसरून दोन पायांच्या मध्ये पाइप लागला असेल, तर तो कामावरचा अपघात आहे. लाजून 'खोलीवर पडलो' असं दवाखान्यात सांगू नका. 'रोसाई' म्हणा, कारण तो सगळा खर्च त्या विम्यातून होतो. कंपनी कागद करायला टाळाटाळ करत असेल, तर कोतोच्या कामगारांसाठी श्रम निरीक्षण कार्यालय कामेइदोत आहे. अर्ज तुम्ही स्वतःही देऊ शकता.