हात मिळाले, कागदाचे काय?

अरब आणि इस्रायली यांच्या भांडणाच्या बातम्या वाचताना आम्ही मोठमोठ्या करारांइतकेच एका बारीक गोष्टीकडे लक्ष देतो. कोणी कोणाशी हात मिळवला, कोणी हात मागे घेतला, आणि ते पाहून बाकीचे काय बोलले. त्या मुलखात एवढ्याशा गोष्टीवरून मंत्र्यांनी राजीनामे दिले आहेत, माणसांचे जीव गेले आहेत.

8 एप्रिल 2005 चा प्रसंग घ्या. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीला जगभरचे राष्ट्रप्रमुख जमले होते. इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष मोशे कात्साव यांनी नंतर सांगितले, की सीरियाचे बशर अल असद यांच्याशी आपले हस्तांदोलन झाले आणि इराणचे महंमद खातमी यांच्याशी फारसीत बोलणे झाले. (इराणी लोक अरब नव्हेत, पण या भांडणात तेही एक पक्ष आहेत.) कात्साव यांचा जन्म इराणातल्या याझ्दचा, खातमीही त्याच प्रांतातले. दोन गाववाले भेटले, गावाची चौकशी केली. कोणाचे काय बिघडले? पण खातमींनी साफ कानांवर हात ठेवले. सीरियाने हात मिळवल्याचे कबूल केले आणि त्याला राजकीय अर्थ काही नाही, अशी पुस्ती लगेच जोडली.

मिळवलेला हात असा नाकारावा लागतो तेव्हा खरी धास्ती आपल्याच माणसांची असते. ती धास्ती खोटी म्हणता येत नाही. इजिप्तचे अन्वर सादात नोव्हेंबर 1977 मध्ये जेरुसलेमला जाऊन इस्रायलच्या संसदेत बोलले. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते निघण्याआधीच राजीनामा दिला होता. 1979 च्या तहानंतर अरब लीगने इजिप्तला दूर केले आणि कैरोतली कचेरी ट्यूनिसला हलवली. 6 ऑक्टोबर 1981 ला लष्करी संचलन चालू असताना इजिप्तच्याच सैनिकांनी सादात यांना गोळ्या घातल्या.

13 सप्टेंबर 1993 चे छायाचित्र वाचकांना आठवत असेल. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर रॅबिन आणि अराफत, मधे दोन्ही हात पसरलेले क्लिंटन. रॅबिन अवघडलेले दिसतात. जगाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या न वाजवणाऱ्यांत पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद होते, कवी महमूद दरविश होते. दरविश यांनी तर पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेची कार्यकारिणीच सोडली. अशा माणसांना शांततेचे वैरी म्हणणे सोपे असते. पण त्या वेळची पत्रे वाचून पाहा. अराफत यांनी इस्रायलचा राष्ट्र म्हणून जगण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात रॅबिन यांनी मान्य केले ते एवढेच, की ही संघटना पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी आहे. त्यांच्या राज्याचे नाव नाही. हात बरोबरीने मिळाले, कागद बरोबरीचा नव्हता. सहभोजनाची पंगत आणि हक्काचा कागद यांतला फरक बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळा समजावून सांगायला नको. तरीही रॅबिन यांचा हात फुकटचा होता असे आम्ही म्हणणार नाही. 4 नोव्हेंबर 1995 ला एका ज्यू अतिरेक्यानेच त्यांचा खून केला.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला घेतले तो. 1994 च्या तहाने जॉर्डन आणि यार्मूक नद्यांच्या संगमाजवळची नहारायिमची जागा जॉर्डनकडे आली. तिला शांतीचे बेट म्हणत. 13 मार्च 1997 ला बेत शेमेश गावच्या शाळेच्या मुली तिथे सहलीला आल्या होत्या. जॉर्डनच्या एका सैनिकाने त्यांच्यावर गोळीबार केला. सात मुली मेल्या.

तीन दिवसांनी, 16 मार्चला, जॉर्डनचे राजे हुसेन बेत शेमेशला गेले. घरोघर फिरले. ज्यू रिवाजाप्रमाणे सुतकातली माणसे खाली बसलेली होती, आणि हा राजा त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. आपलेच मूल गेल्यासारखे वाटते, असे म्हणाला. हे हुसेन कोण? ज्यांच्या आजोबांचा, राजे अब्दुल्ला यांचा, 1951 मध्ये जेरुसलेमच्या अल अक्सा मशिदीत त्यांच्या डोळ्यांदेखत खून झाला ते. या वाटेवर काय होते हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

इस्रायलमध्ये पुष्कळांचे डोळे भरून आले. अरबांमध्ये अनेकांना तो अपमान वाटला. इस्रायली गोळ्यांनी मेलेल्या अरब मुलांच्या आईबापांपुढे कोणता इस्रायली पंतप्रधान असा बसला, असे कोणी विचारले तर तो सवाल रास्त आहे, आम्हीही विचारतो. पण त्यासाठी हुसेन यांना भित्रे ठरवता येत नाही. गोळीबाराच्या चारच दिवस आधी, 9 मार्चला, त्यांनी नेतान्याहूंना खरमरीत पत्र लिहून शांततेचे वाटोळे केल्याबद्दल जाब विचारला होता. कारण होते जेरुसलेमच्या दक्षिणेची हार होमा टेकडी. 1967 मध्ये जिंकलेल्या जमिनीवर तिथे इस्रायल नवी वसाहत उठवणार होते. जाब विचारणारा माणूस आणि गुडघे टेकणारा माणूस एकच होता. सांत्वनाला गेला म्हणून त्याने तक्रार मागे घेतली नाही.

आणि उत्तर काय मिळाले? 18 मार्चला, म्हणजे दोनच दिवसांनी, हार होमावर बुलडोझर चालू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात मोसादच्या हेरांनी राजाच्या राजधानीत, अम्मानमध्ये, हमासचे खालिद मशाल यांच्यावर विषप्रयोग केला. राजाने दरडावून इस्रायलकडून विषावरचा उतारा मागवला तेव्हा मशाल वाचले. तिकडे जॉर्डनमध्ये 2011 साली खुद्द न्यायमंत्र्यांनी त्या खुनी सैनिकाला वीर म्हटले. 2017 मध्ये तो सुटला.

अलीकडच्या खुणा विमानांच्या आहेत. 22 मार्च 2018 ला आपल्या एअर इंडियाचे दिल्लीचे विमान सौदीच्या आकाशातून तेल अवीवला गेले. तोवर इस्रायलला जाणाऱ्या प्रवासी विमानाला ती वाट बंद होती. गंमत अशी, की तक्रार घेऊन कोर्टात गेली ती इस्रायलचीच एल अल कंपनी, कारण तिच्या मुंबईच्या विमानाला लांबचा वळसा चालूच होता. 2020 मध्ये अमिरातीशी करार झाला, विमानावर तीन भाषांत शांती लिहिली गेली. गाझातल्या माणसाला त्या विमानात जागा नव्हती.

ऑक्टोबर 2023 मध्ये हमासने ओलीस नेलेल्या 85 वर्षांच्या एका इस्रायली आजीबाईंना 23 तारखेच्या रात्री सोडले. रेड क्रॉसच्या हवाली होताना त्या मागे वळल्या, तोंड झाकलेल्या बंदूकवाल्याचा हात हातात घेतला आणि शालोम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या: नेताना काठ्यांनी मारले, आणि आत नीट वागवले. कोणी पहिली गोष्ट उचलली, कोणी दुसरी. शत्रूचा प्रचार झाला म्हणून त्यांच्याच देशात कित्येकजण चिडले. आजीबाई आणि त्यांचे यजमान गाझातल्या आजाऱ्यांना आपल्या गाडीतून इस्रायलच्या इस्पितळात पोचवीत असत. यजमान त्या रात्री अजून गाझातच होते. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचा मृतदेह परत आला.