चोच वाढते, कारण पायाखाली माती नाही

‘आमच्या कोंबडीची चोच वाढली आहे’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर सांगून बघा. एक तरी जण म्हणणारच, ‘अबे, चोच कशाला, कोंबडीच काप ना!’ सगळे हसतात. कुत्र्याची नखं वाढली असती तर याच मित्राने लगेच ग्रूमरचा नंबर पाठवला असता. आपल्याला कोंबडी पचते, पण ती कोणी लाडाने पाळली आहे हे काही पचत नाही.

पण पाळतात लोक. आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मिळतात, घरातलं लहान पोरगं हट्ट करतं आणि एखादं पिल्लू घरी येतं. बरीचशी दगावतात. एखादं मात्र चिवट निघतं. त्याचा रंग उडतो, आणि पाच-सहा महिन्यांनी फ्लॅटच्या बाल्कनीत चांगली अंगापिंडाने भरलेली कोंबडी उभी असते. खाली गुळगुळीत टाइल्स, समोर वाटीत तांदूळ. हळूहळू वरची चोच खालच्या चोचीवरून पोपटासारखी वळायला लागते. मग दाणा टिपायला गेलं की टोक आधी फरशीला लागतं आणि दाणा निसटतो. कोंबडी उपाशी, आणि घरचे म्हणतात, ‘नखरे करते.’

माझं म्हणणं असं, की ही चोचीची तक्रार नाहीच, जमिनीची आहे. चोचीचं बाहेरचं आवरण आपल्या नखांसारखंच केराटिनचं असतं आणि ते आयुष्यभर वाढतं. गावाकडची कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, खडे-माती टोचते, खाऊन झालं की दगडावर चोच दोन्ही बाजूंनी पुसते. जेवढी वाढते तेवढी झिजते. आपण तिला माती दिली नाही, म्हणून आता हातात नेलकटर घ्यायची वेळ आली.

आणि इथेच खरी भीती आहे. दिसायला नख असलं तरी आवरणाच्या आत हाड आहे, रक्त आहे, नसा आहेत. कात्रीने एका झटक्यात ‘शेप’ देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चोच फिकट असेल तर टॉर्चच्या उजेडात आतला लालसर भाग दिसतो. त्याच्या पुढचं पारदर्शक टोक तेवढं आपलं. कडकनाथसारखी काळी चोच असेल तर काहीच दिसत नाही, तिथे फक्त कानस. खरं तर सगळ्यांसाठीच नखांची साधी फाइल बरी. रोज थोडं थोडं घासायचं, आठवडा लागला तरी चालेल. वरची चोच खालच्यापेक्षा किंचित लांब असतेच, ती सपाट करायला जाऊ नका.

धरायला एक जण, घासायला दुसरा. अंधार पडला की कोंबडी शांत होते, म्हणून संध्याकाळ बरी. टॉवेलमध्ये सैल गुंडाळा. छाती दाबली तर तिला श्वासच घेता येत नाही, कारण तिचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात भरदुपारी हा उद्योग नकोच. तिला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते, आणि आपण नेमकी तीच चोच धरून बसणार! रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. थांबलं नाही तर सरळ डॉक्टर.

कोणी म्हणेल, पोल्ट्रीत तर सर्रास चोची कापतात. कापतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. तिथे गर्दीत कोंबड्या एकमेकींना टोचून जखमी करतात, म्हणून जेमतेम आठवडा-दहा दिवसांच्या पिल्लाची चांगली चोच गरम पात्याने छाटतात. याला डिबीकिंग म्हणतात. आपण वाढलेलं काढतो, ते असलेलं काढतात. पण मुळाशी गोष्ट एकच, जागा माणसाने आखली आणि कात्री चोचीवर चालली. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव असं म्हणतो. त्यात कोंबडी वगळलेली नाही.

आणि आपण नागपूरकरांनी तर ‘कोंबडीला कुठे दाखवायचं?’ असं विचारूच नये. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून इथे आहे, पशुविज्ञानाचं राज्याचं विद्यापीठ, म्हणजे माफसू, आपल्याच शहरात आहे. चोच कात्रीसारखी एकमेकींवरून तिरपी गेली असेल, अचानक वाढली असेल किंवा पक्षी खाणं सोडून बसला असेल, तर घरी घासत बसू नका, पिशवीत नाही तर हवेशीर खोक्यात घालून घेऊन जा. पोपटांमध्ये यकृताच्या आजारातही चोच अशी वाढते, तेव्हा आत काय चाललंय हे डॉक्टरलाच बघू द्या. रांगेत लॅब्रेडॉरवाले बघून हसतील. हसू द्या.

घरी मात्र आजच करण्यासारखं काम अगदी फुकटातलं आहे. शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच; तिथून विचारून एक खरबरीत वीट आणा. घमेलंभर माती बाल्कनीत पसरा, दाणे वाटीत न देता त्यात आणि विटेवर टाका. आई बाल्कनी घाण झाली म्हणून ओरडेल. कोंबडी एरवी दोन मिनिटांत संपवायची ते दाणे शोधत अर्धा तास विटेवर टोचे मारत राहील.