वंशावळीत न दिसणारी आई

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलं, की तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांमध्ये आपल्या घराण्याची नावं सापडतात. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, त्या भावांचे मुलगे. बायकांची नावं आलीच तर बहुधा ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. लेकी तर लग्न होऊन सासरी गेल्या की या झाडावरून गळूनच पडतात. आणि ज्या घरी नुसत्या मुलीच, त्या घराबद्दल लोक सहज बोलून जातात, ‘वंश खुंटला हो त्यांचा!’

मैत्रिणींनो, निसर्गानंही एक वंशावळ लिहून ठेवली आहे. ती मात्र बरोबर उलटी आहे. तिच्यात नोंद आहे ती फक्त आयांची.

ही वंशावळ जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. शाळेत आपण ‘तंतुकणिका’ हा शब्द पाठ केला होता, आठवतं? इंग्रजीत तिला मायटोकाँड्रिया म्हणतात. पेशीतली जणू चूलच ती. खाल्लेल्या अन्नापासून शक्ती तयार करायचं काम तिचं. आपला बहुतेक सगळा डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो, आणि तो निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून येतो. पण या चुलीजवळही स्वतःचा एक छोटासा डीएनए असतो. केंद्रकातल्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं, तर तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये माणसात फक्त १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं. १९८१ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हा मजकूर पूर्ण वाचून काढला.

हा छोटा डीएनए आईकडूनच येतो. स्त्रीबीजात तंतुकणिका भरपूर असतात. शुक्राणूतही थोड्या असतात, पण त्या पुढे टिकत नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गाईगुरांमध्ये दाखवून दिलं, की शुक्राणूच्या तंतुकणिकांवर नष्ट करण्याची खूण आधीच लागलेली असते. म्हणजे मुलगा असो वा मुलगी, हा ठेवा दोघांनाही आईकडूनच मिळतो. पण पुढच्या पिढीला तो देते ती फक्त मुलगी. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे असा हा धागा जातो.

नक्कल होताना त्यात अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. दोन प्राण्यांमधले हे फरक मोजले, की त्यांच्या आयांच्या वाटा साधारण किती काळापूर्वी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो. शिवाय एका पेशीत या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे जुन्या हाडा-कातड्यातही तो सापडू शकतो. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा झेब्र्यासारखा प्राणी होता. त्याची शेवटची मादी १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणीसंग्रहालयात मेली. तब्बल शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, संग्रहालयातल्या क्वागाच्या वाळलेल्या कातड्यातून हा डीएनए मिळाला, आणि हा प्राणी झेब्र्याचाच जवळचा नातेवाईक असल्याचं कळलं.

आता आपल्या गोठ्यात येऊ. आपली गाय वशिंडाची, युरोपातली बिनवशिंडाची. पूर्वी अनेकांना वाटायचं, की एकाच मूळ कळपातून दोन्ही झाल्या. १९९४ मध्ये डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी युरोप, आफ्रिका आणि भारतातल्या गाईंचे हे मातृधागे ताडून पाहिले. भारतीय गाईंचा धागा अगदी वेगळा निघाला, आणि तो वेगळा झाला होता लाखो वर्षांपूर्वी. माणसानं गाय पाळायला लागून साधारण दहा हजार वर्षंच झाली आहेत. म्हणजे आपल्या उपखंडातल्या माणसांनी इथली रानगुरं स्वतंत्रपणे माणसाळवली होती.

त्यातून आणखी एक गंमत कळली. आफ्रिकेतही वशिंडाच्या गाई आहेत. त्यांचा मातृधागा मात्र भारतीय गाईचा निघाला नाही, तो बिनवशिंडाच्या गाईंचाच होता. पुढच्या अभ्यासांतून उलगडलं ते असं, की वशिंड तिकडे पोचलं ते मुख्यतः पूर्वेकडून नेलेल्या बैलांमुळे. आया तिथल्याच होत्या. बाहेरचं रूप बदललं, आईची खूण तशीच राहिली. आपल्याकडे गावरान गाईला जर्सीचं रेतन करून झालेल्या कालवडीला सगळे ‘जर्सी’च म्हणतात. पण तिच्या पेशीतली चूल मात्र तिच्या गावरान आईचीच असते!

समुद्री कासवांची गोष्ट तर थेट माहेराची आहे. मादी मोठी झाल्यावर आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच अंडी घालायला परत येते, की इतर माद्यांच्या मागून जाऊन मिळेल तो किनारा धरते? १९९० मध्ये फ्लोरिडा, कोस्टा रिका, सुरिनाम आणि व्हेनेझुएलाच्या एका बेटावरच्या हिरव्या कासवांचा मातृधागा तपासला गेला, तेव्हा किनाऱ्यांमध्ये फरक दिसले. म्हणजे लेकी आपल्या आयांच्या किनाऱ्यावर परतत होत्या. याचा अर्थ, एखादा किनारा आपण बिघडवला, तर दुसरीकडच्या माद्या येऊन तो लवकर भरून काढतील अशी आशा धरता येत नाही. आपल्या कोकणात वेळासला येतात ती ऑलिव्ह रिडले कासवं. त्यांच्यात ही ओढ इतकी कडक नसावी. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. निसर्गात नियमाला अपवाद असतातच. काही जातींच्या शिंपल्यांमध्ये तर बापाच्या तंतुकणिकाही मुलग्यांकडे जातात!

माणसांचं काय? १९८७ मध्ये अमेरिकेतल्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या मूळच्या १४७ जणांचे मातृधागे तपासले. ते सगळे मागे जात सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी पोचले. ती काही त्या वेळची एकटीच बाई नव्हती. तिच्या काळात इतरही होत्या. पण वाटेत कुठल्या तरी पिढीत कुणाला मूलच झालं नाही, कुणाला नुसते मुलगेच झाले, आणि त्यांचा हा धागा तिथेच थांबला.

पुन्हा वाचा हे वाक्य. नुसते मुलगे झाले म्हणून धागा थांबला! आपल्या वंशावळीच्या हिशेबात नुसत्या मुली झाल्या की वंश खुंटतो, आणि या हिशेबात नुसते मुलगे झाले की.

मग काय आता मुलगेवाल्यांना नावं ठेवायची? मुळीच नाही. एका अन्यायाला उत्तर म्हणून दुसरा करायचा नसतो. हा मातृधागा आपल्या डीएनएचा अगदी लहानसा भाग आहे. बाकीचा बहुतेक सगळा ठेवा मुलगा आणि मुलगी दोघांनाही आईवडिलांकडून मिळतो, आणि दोघंही तो पुढे देतात. सांगायचं आहे ते इतकंच, की ‘वंश’ म्हणून आपण जे जपत बसतो, ते माणसानं काढलेलं झाड आहे. निसर्गात लेकीपाशी वंश खुंटत नाही. आणि मुलगा की मुलगी, हे ठरतं वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर. तरीही बोल लावला जातो तो सुनेलाच.

हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण याच ‘वंशा’पायी मुली जन्माआधीच मारल्या गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ मध्ये केला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. कायदा येऊनही आकडा खालीच आला, कारण घराघरातलं ते झाड तसंच राहिलं.

आता निदान कागदावर तरी फांदी हलली आहे. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं आहे. कागदावरून ते घरात यायला मात्र आपणच हवं.

सुरुवात अगदी सोपी आहे. तुमच्या आईचं नाव ठाऊक आहे, आजीचंही असेल. आजीच्या आईचं? तिच्या आईचं? बहुतेकींची गाडी तिसऱ्या नावाशी अडते. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं जुनं नावही विचारा. अजून सांगणाऱ्या म्हाताऱ्या मावश्या-आत्या आहेत, तोवर विचारून घ्या आणि वहीत लिहा. मुलाला दाखवा, मुलीला दाखवा. आणि कुणी ‘वंश खुंटला’ म्हणालं, तर ती वही शांतपणे पुढे करा.