शेपटीला आकडा, डेकवर तार

दोस्तांनो, या वेळचा प्रश्न खारघरहून आलाय. सहावीतला एक मित्र लिहितो, "आमच्या जवळच्या नव्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. मग 'विक्रांत' नौकेवर एवढ्याशा जागेत विमान थांबतं कसं? बाबा म्हणतात, जोरात ब्रेक लावतात. आणि ब्रेक लागला नाही तर?"

बाबांना नमस्कार सांग, पण नुसत्या ब्रेकवर हे काम भागत नाही. शेवटचा प्रश्न मात्र फार छान आहे. त्याचं उत्तर जरा सविस्तरच देतो.

आधी जागेचा अंदाज घेऊ. आपली नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झाली. तिची लांबी २६२ मीटर. खारघर स्टेशनात उभी असलेली बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा, जवळजवळ तेवढीच! आणि विमानाला तीही पुरी मिळत नाही. ते ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने डेकवर टेकतं आणि साधारण ९० मीटरमध्ये, म्हणजे लोकलच्या चार-साडेचार डब्यांच्या अंतरात, थांबतं. वेळ किती लागतो? अडीच सेकंद! "खारघर" हा शब्द सावकाश दोनदा म्हणा, झालं. या अडीच सेकंदांत सत्तर किलोचा वैमानिक आपल्या पट्ट्यांवर जवळजवळ १९० किलोच्या जोराने पुढे फेकला जातो.

हे काम करते ती डेकवर आडवी ताणलेली पोलादी तारांची दोरी. नौदलात तिला अरेस्टर वायर म्हणतात, आपण सरळ तार म्हणू. विक्रांतवर अशा तीन तारा आहेत. डेकपासून त्या थोड्या वर उचललेल्या असतात, कारण विमानाच्या शेपटीखाली एक मजबूत आकडा असतो आणि तो त्यांतल्या एकीत अडकायला हवा. पहिली चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी.

ही युक्ती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे, बरं का. १८ जानेवारी १९११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात यूजीन एली नावाच्या वैमानिकाने 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फलाटावर विमान उतरवलं. फलाटावर आडवे २२ दोर टाकले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. आकड्यात एकेक दोर अडकत गेला, पिशव्या फरफटत गेल्या आणि विमान थांबलं. एवढी साधी, पण काय डोकं चालवलंय!

आता वाळूच्या पिशव्या पुरत नाहीत. ताशी २४० किलोमीटर वेग म्हणजे काय, तर साधारण पंचाहत्तर मजली इमारतीवरून एखादी वस्तू खाली पडली तर जमिनीवर पोचताना तिचा जेवढा वेग होईल (हवेचा विरोध सोडून देऊ) तेवढा. आणि इथे तर कित्येक टनांचं विमान. हा सगळा जोर जिरवायचा कुठे?

रंगपंचमीची पिचकारी घ्या आणि तिच्यात पाणी भरा. तोंडावर बोट न ठेवता दट्ट्या दाबा, सर्रकन आत जातो. आता तोंड बोटाने जवळजवळ बंद करून दाबा. दट्ट्या हलतो, पण कुरकुरत, सावकाश. तुमचा सगळा जोर पाणी बारीक फटीतून ढकलण्यात खर्ची पडतो. डेकच्या खाली अशीच एक राक्षसी पिचकारी बसवलेली असते. तारेची दोन्ही टोकं कप्प्यांवरून खाली तिच्यापर्यंत जातात. विमानाने तार ओढली की दट्ट्या दाबला जातो, द्रव फटीतून पळतो आणि तार जसजशी पुढे जाते तसतशी फट आणखी लहान होत जाते. त्यामुळे विमानाला एकच जबरदस्त हिसका न बसता शेवटपर्यंत सारखा ताण बसतो. काही यंत्रांत द्रवाने दाबलेली हवाच मग तार परत जागेवर ओढून नेते आणि पुढच्या विमानासाठी सगळं तयार!

पण फट किती ठेवायची? ते विमानाच्या वजनावर ठरतं. म्हणून प्रत्येक विमान उतरण्याआधी त्याचं वजन कळवून यंत्र तसं लावावं लागतं. हलक्या विमानासाठी लावलेलं यंत्र जड विमानाला वेळेत थांबवू शकणार नाही. उलट झालं तर हिसका इतका मोठा बसेल की आकडा किंवा तार तुटू शकेल.

आता गंमत ऐका. डेकला चाकं टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, पुरता वाढवतो! वेडा आहे का तो? मुळीच नाही. आकडा एकाही तारेत अडकला नाही, तर समोर समुद्र आहे. वेग शाबूत असला तर विमान तसंच पुढे उडून जातं आणि फेरी मारून पुन्हा येतं.

म्हणजे तार हुकली तर फारसं बिघडत नाही. खरी भीती आहे तार अडकून मधेच दगा देण्याची. विमानाचा वेग अर्धा खाल्ला गेला आणि मग तार सुटली, तर उडायला वेग नाही आणि थांबायला जागा नाही. १८ मार्च २०१६ रोजी अमेरिकेच्या 'आयझेनहॉवर' नौकेवर हेच झालं. पंख्यांचं 'हॉकआय' विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं, आता बुडणार असं वाटत असतानाच पाण्याच्या थोडं वरून सावरलं आणि किनाऱ्यावर सुखरूप उतरलं. डेकवरचे आठ नौसैनिक मात्र जखमी झाले. आधी त्याच यंत्राने बिघाडाची सूचना दिली होती आणि ती दूर करताना दुरुस्तीतली एक पायरी राहून गेली होती, असं चौकशीत आढळलं.

आठ जण जखमी कशाने झाले? तारेने. ताणलेला रबर तुटला की बोटाला कसा चटका बसतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे तर पोलादी तार, चाबकासारखी डेकभर फिरणारी. ११ सप्टेंबर २००३ रोजी 'जॉर्ज वॉशिंग्टन' नौकेवर तार तुटली तेव्हा विमान समुद्रात गेलं, वैमानिक उडी घेऊन वाचला, पण डेकवर अनेकांना दुखापती झाल्या. त्या प्रसंगाच्या चित्रफितीत एक नौसैनिक फिरत येणाऱ्या तारेवरून दोन वेळा उडी मारून निसटताना दिसतो. म्हणूनच विमान उतरत असताना डेकवर आखलेल्या रेषेच्या आत कुणी उभं राहायचं नाही, असा कडक नियम असतो.

आणखी एक धोका पटकन लक्षात येत नाही. तारांचं यंत्र बिघडलं, तर हवेतल्या बाकीच्या विमानांनी उतरायचं कुठे? २०१६ च्या नोव्हेंबरात रशियाच्या 'कुझनेत्सोव्ह' नौकेवर अशी पाळी आली. तारेची दुरुस्ती चालू असताना घिरट्या घालणारं एक मिग-२९के समुद्रात पडलं. पुढच्याच महिन्यात, तार तुटल्यामुळे एक सुखोई-३३ डेकवरून पाण्यात गेलं. दोन्ही वैमानिक वाचले. मिग-२९के आपल्या नौदलाकडेही आहेत, त्यामुळे या बातम्या आपल्याकडेही बारकाईने वाचल्या गेल्या असतील.

मग आपले वैमानिक हे शिकतात कुठे? थेट समुद्रावर नाही. गोव्याला दाबोळीच्या विमानतळावर कधी उतरलात तर लक्षात ठेवा, तो नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा तळ आहे. तिथे जमिनीवरच नौकेसारखी चढती धावपट्टी आणि अडवणाऱ्या तारा बसवल्या आहेत. इथे तार चुकली, तुटली, तरी पुढे जमीन असते. तेजसच्या नौदलासाठी बनवलेल्या विमानाने तार पकडून पहिल्यांदा थांबून दाखवलं ते इथेच, १३ सप्टेंबर २०१९ रोजी. पुढे चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेजस 'विक्रमादित्य'च्या डेकवर उतरवलं. या वेळी पुढे जमीन नव्हती.

घरातल्या मोठ्यांना जुनी विक्रांत आठवत असेल. १९६१ ते १९९७ ती नौदलात होती आणि पुढे मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं. तिच्यावर पहिलं जेट विमान १८ मे १९६१ रोजी उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. ते पुढे नौदलप्रमुख झाले. जुन्या विक्रांतवरही तारा होत्या. 'विराट'वरच्या सी हॅरिअर विमानांना मात्र तारेची गरज नव्हती. ती हवेत स्थिर होऊन सरळ खाली उतरायची. ते कसं, हे विचारणारं पत्र कोण पाठवतंय?